रटगर्सच्या दोन पोरांमागे ड्राफ्टपर्यंत

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथली नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांत निवडले गेलेले दोन खेळाडू ज्या कोर्टवर हिवाळाभर खेळले, ते कोर्ट न्यू जर्सीत एडिसनमधल्या आमच्या घरापासून गाडीने अगदी जवळ आहे. डिलन हार्पर आणि एस बेली. दोघंही रटगर्स विद्यापीठाचे, दोघंही पहिल्या वर्षाचे. माझी लेक तिथेच शिकते. त्यामुळे एरवी दुसऱ्या दिवशी बातम्यांत वाचून मी सोडून द्यायचे तो ड्राफ्ट यंदा टप्प्याटप्प्याने पाहिला, आणि शेवटी ब्रुकलिनला जाऊन प्रत्यक्ष बसून पाहिला.

मी स्वतः पुण्यात शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळले, विद्यापीठ संघाच्या निवड चाचण्या दिल्या. तेव्हा चाचण्या संपल्या की फळ्यावर यादी लागायची. नाव असलं तर असलं, नसलं तर का नाही हे सांगायला कुणी यायचं नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये ही निवड कोण करतं, कशाच्या आधारावर करतं, आणि खेळाडूला त्यात विचारतं कोण, हे मला मुळापासून समजून घ्यायचं होतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती उमगल्यावर बाकीचं आपोआप उलगडत गेलं. ड्राफ्टमध्ये संघाला मिळतो तो त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क. तो हक्क फक्त त्या एका संघाचा. लीगमधल्या उरलेल्या २९ संघांची दारं त्या क्षणी त्या मुलासाठी बंद होतात. हा हक्क विकता येतो, बदलून घेता येतो, खेळाडू अजून शाळेत असतानाही त्याचा सौदा करता येतो. ब्रुकलिनच्या मंचावर जे दिसतं ते या हक्कवाटपाचं शेवटचं टोक आहे; खरी उलाढाल त्याआधी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं चाललेली असते.

नोव्हेंबरपासून सुरू करते. रटगर्सचं जर्सी माइक्स अरीना जेमतेम आठ हजारांचं. तिथे एकाच वेळी दोन असे खेळाडू येणं ही आमच्या भागासाठी फार मोठी गोष्ट होती, कारण अशी मुलं सहसा ड्यूक किंवा केंटकीसारख्या नावाजलेल्या विद्यापीठांत जातात. हार्पर तर न्यू जर्सीचाच, रॅमसीच्या डॉन बॉस्को प्रेप शाळेचा. वडील रॉन हार्पर एनबीएत पाच वेळा विजेत्या संघात होते, पण मला त्याची आई जास्त भावली. मारिया हार्पर फिलिपिन्समध्ये जन्मल्या, अमेरिकेत कॉलेजात बास्केटबॉल खेळल्या आणि पुढे प्रशिक्षक झाल्या. मुलांना लहानपणापासून खेळ त्यांनीच शिकवला. थोरला मुलगाही रटगर्सकडूनच खेळला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणीच घेतलं नाही, त्याच्याकडे पुढे येते.

हार्परने नोव्हेंबरच्या शेवटी लास वेगासच्या स्पर्धेत लागोपाठच्या दोन दिवशी ३६ आणि ३७ गुण काढले. बेलीने जानेवारीत इंडियानाविरुद्ध ३९. आणि एवढं असूनही रटगर्सने हंगामात १५ सामने जिंकले, १७ हरले. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत संघाला जागाच मिळाली नाही. लेकीच्या वसतिगृहात त्या आठवड्यात सुतकी वातावरण होतं. पण ड्राफ्टसाठी याचा फरक पडत नाही. एनबीएचे संघ कॉलेजचा निकाल बघत नाहीत. हा मुलगा २४ व्या वर्षी काय होईल याचा अंदाज बांधतात. हार्पर १९ वर्षांचा, बेली अजून १८ चा. सध्याच्या नियमानुसार अमेरिकन खेळाडूला ज्या वर्षी ड्राफ्ट असेल त्या वर्षात १९ पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा सुटून एनबीएचा एक हंगाम उलटलेला असावा लागतो. २००६ पासूनचा हा नियम. त्याआधी कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स हे थेट शाळेतून आले होते. म्हणून अशी मुलं कॉलेजात एकच वर्ष काढतात.

मग १२ मे. लॉटरी. ती शिकागोला झाली, आम्ही घरी टीव्हीसमोर होतो.

ड्राफ्टचा मूळ विचार साधा आहे. जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला आधी निवडू द्यायचं, म्हणजे दुबळे संघ सावरतील आणि लीगमध्ये चुरस टिकेल. पण यात एक खोट आहे: पहिला क्रमांक हवा असेल तर मुद्दाम हरणं फायद्याचं ठरतं. फिलाडेल्फियाने गेल्या दशकात हे धोरण म्हणून राबवलं. २०१५-१६ च्या हंगामात ते ८२ पैकी १० सामने जिंकले. त्याला आळा म्हणून चिठ्ठ्यांचा भाग आहे. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांत, न पोचलेले १४ संघ लॉटरीत असतात. यंत्रात १ ते १४ आकडे लिहिलेले १४ चेंडू फिरतात, त्यातून चार निघतात. क्रम न धरता चार आकड्यांचे १,००१ संच बनतात. एक बाजूला ठेवतात आणि उरलेले १,००० संघांमध्ये वाटतात. सगळ्यात वाईट तीन संघांना प्रत्येकी १४०, म्हणजे १४ टक्के संधी. २०१९ पूर्वी तळाच्या एकट्या संघाला २५ टक्के संधी मिळायची. ती मुद्दाम कमी केली, जेणेकरून शेवटचं येण्याचा मोह घटावा. चेंडू काढून फक्त पहिले चार क्रमांक ठरतात; पाचपासून पुढे हरण्याच्या क्रमाने.

टीव्हीवर चेंडू दिसत नाहीत. ते एका बंद खोलीत आधीच निघालेले असतात. तिथे संघांचे प्रतिनिधी, काही पत्रकार आणि लेखापरीक्षक असतात, सगळ्यांचे फोन काढून घेतलेले. मंचावर फक्त पाकिटं उघडली जातात. यंदा डॅलसच्या वाट्याला १,००० पैकी १८ संच होते, म्हणजे १.८ टक्के. आणि डॅलसच पहिलं आलं. याच डॅलसने फेब्रुवारीत लुका डॉन्चिचसारखा खेळाडू लेकर्सना देऊन टाकला होता, त्यामुळे समाजमाध्यमांवर लगेच ‘ठरवून केलं’ अशी ओरड झाली. मला ती पटली नाही. ज्या संघांना नुकसान सोसायचं आहे त्यांचीच माणसं त्या खोलीत उभी राहून चेंडू बघत असतात. याहून उघड पद्धत मला तरी माहीत नाही. शंभरात दोनदा घडणारी गोष्ट कधीतरी घडणारच. युटाह ६५ सामने हरूनही पाचव्या क्रमांकावर घसरलं, वॉशिंग्टन ६४ हरून सहाव्या. मुद्दाम हरणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट उत्तर देता आलं नसतं.

त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो तिसरा क्रमांक. तो फिलाडेल्फियाला मिळाला, आणि त्यांची माणसं सुटकेचा श्वास टाकत होती. कारण त्यांनी आपला २०२५ चा पहिल्या फेरीतला पिक, म्हणजे निवडीची पाळी, २०२० मध्येच एका ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) ओक्लाहोमा सिटीला देऊन ठेवला होता, अटीसह: पहिल्या सहांत आला तर आमच्याकडे राहील, सातवा किंवा त्यानंतरचा आला तर तुमचा. या अटीला इथे ‘प्रोटेक्शन’ म्हणतात. मी हे समजावून सांगत होते तेव्हा लेक म्हणाली, “आई, म्हणजे २०२० मध्ये त्यांनी ज्याचा सौदा केला तो मुलगा तेव्हा आठवी-नववीत होता?” बरोबर तेच. कोण मुलगा ते कुणालाच माहीत नव्हतं, पण त्याच्यावरचा हक्क तेव्हाच गहाण पडला होता. या सौद्यांना मर्यादा आहेत. सात वर्षांपुढचे पिक विकता येत नाहीत, आणि पुढच्या लागोपाठ दोन वर्षी पहिल्या फेरीत हात रिकामे राहतील असं करता येत नाही. हा दुसरा नियम टेड स्टेपियन यांच्या नावाने ओळखला जातो. क्लीव्हलँडचे हे मालक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पिकमागून पिक देत सुटले होते, म्हणून लीगला लगाम घालावा लागला.

दुसरा क्रमांक सॅन अँटोनियोला गेला. त्या क्षणी आमच्या घरी, आणि मला वाटतं रटगर्सच्या प्रत्येक घरी, एकच हिशोब झाला: ड्यूकचा कूपर फ्लॅग डॅलसला, आपला डिलन सॅन अँटोनियोला. सहा आठवडे आधीच. आणि त्या मुलाने त्यात काहीही म्हटलेलं नव्हतं.

लॉटरीच्याच आठवड्यात शिकागोला कंबाइन असतो. खेळाडूंची मोजमापं, उड्या, धावणं, नेमबाजी, वैद्यकीय तपासण्या, संघांसोबत मुलाखती. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारानंतर बोलावणं आलेल्या खेळाडूला तिथे हजर राहावंच लागतं. पूर्वी मोठी नावं टाळायची. उंची अनवाणी मोजतात. रटगर्सच्या पत्रकात बेलीची उंची ६ फूट १० इंच होती, शिकागोत ती ६ फूट साडेसात इंचांवर आली. कॉलेजं उंची फुगवून लिहितात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पुण्यातही आमच्या वेळी फॉर्मवर दोन-तीन सेंटिमीटर वाढायचे. पण त्या अडीच इंचांवर आठवडाभर चर्चा चालली. हार्परचा आकडा उलट त्याच्या बाजूने बोलला. उंची ६ फूट साडेचार इंच, हातांचा विस्तार मात्र ६ फूट साडेदहा इंच. गार्डच्या जागेवर खेळणाऱ्या मुलाचे हात इतके लांब असणं म्हणजे बचावात मोठा लाभ.

यानंतर खासगी चाचण्या सुरू होतात. संघ खेळाडूला आपल्या शहरात बोलावतो, सरावाच्या कोर्टवर घाम गाळायला लावतो, जेवायला नेतो, स्वभाव बघतो. इथे खेळाडूच्या हातात जी काही थोडी सूत्रं असतात ती त्याचा एजंट हलवतो. कुणाकडे जायचं, कुणाला वैद्यकीय कागद दाखवायचे, कुणाला नाही. बेलीने यंदा एकाही संघाकडे चाचणी दिली नाही. फिलाडेल्फियाची ठरलेली भेटही रद्द झाली. वर्तमानपत्रांनी त्याला आणि त्याच्या माणसांना खूप फटकारलं. मला तो राग एकतर्फी वाटला. अठरा वर्षांच्या मुलाला पुढची चार वर्षं कुठल्या गावात काढायची, कुठल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, याबद्दल अधिकृतपणे एक शब्द बोलायची सोय नाही. भेटायला न जाणं हाच त्याचा शब्द. तो वापरून फायदा झाला की तोटा हा वेगळा प्रश्न, पण वापरायचा त्याला पूर्ण अधिकार होता.

मेच्या अखेरीस आणखी एक मुदत येते, जिच्याकडे फार कुणी बघत नाही आणि जी मला आई म्हणून सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॉलेजात राहायचं असेल तर ड्राफ्टमधून नाव मागे घेण्याची. यंदा ती २८ मे होती. एजंट आणि संघांकडून अंदाज घेऊन मुलगा परत वर्गात जाऊ शकतो. पूर्वी परत जाणं म्हणजे आणखी एक वर्ष फुकट खेळणं. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येतात, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे दुसऱ्या फेरीत अधांतरी जाण्यापेक्षा कॉलेजात एक वर्ष काढणं अनेकांना जास्त परवडतं. ड्राफ्टसाठी लवकर नावं देणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने खाली आली आहे ती यामुळेच. घाईने नाव देऊन ना लीग ना शिक्षण अशी मधेच लटकलेली मुलं कमी होतील, याचा मला मनापासून आनंद आहे.

२५ जूनला, बुधवारी, आम्ही एडिसनहून रेल्वेने न्यूयॉर्क पेन स्टेशन आणि तिथून भुयारी गाडीने अटलांटिक अव्हेन्यूला गेलो. न्यूयॉर्कमध्ये त्या आठवड्यात उष्णतेची लाट होती, फलाटावर उभं राहवत नव्हतं. बार्कलेज सेंटर स्थानकाच्या डोक्यावरच आहे. ज्यांना पुढेमागे जायचं असेल त्यांच्यासाठी: वरच्या मजल्यावरची तिकिटं एखाद्या साध्या सामन्याच्या तिकिटाइतकीच पडतात, आणि मंच तिथूनही नीट दिसतो. खाली बसून फार वेगळं काही मिळेल असं मला वाटत नाही.

कोर्टच्या जागी मंच, मंचासमोर गोल टेबलं. याला ‘ग्रीन रूम’ म्हणतात, पण ती खोली नाही. सगळं उघड्यावर, कॅमेऱ्यांसमोर. लीग संघांकडून अंदाज घेऊन दोन डझनभर खेळाडूंना कुटुंबासह बोलावते. आयुक्त ॲडम सिल्व्हर आले तेव्हा प्रथेप्रमाणे हुर्यो झाली. मग घड्याळ सुरू. पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला पाच मिनिटं. निर्णय घेणारी माणसं इथे नसतातच, ती आपापल्या शहरात बंद खोलीत बसलेली असतात. नाव लीगला कळवलं जातं आणि सिल्व्हर ते वाचतात.

आजूबाजूचे बहुतेक लोक फोनमध्ये डोकं घालून होते. बातमीदार नावं आधीच फोडतात, घोषणेच्या एक-दोन मिनिटं आधी. मी लेकीला फोन पर्समध्ये टाकायला लावला. त्या मुलाला ज्या क्षणी लोकांसमोर नाव ऐकू येतं त्याच क्षणी आपल्यालाही यावं, एवढ्यासाठी तर इतक्या लांब आलो होतो.

पहिला फ्लॅग, यात नवल नव्हतं. मग “सॅन अँटोनियो स्पर्स” म्हणेपर्यंत आमच्या आसपासचे रटगर्सचे लाल टी-शर्ट उठून उभे राहिले होते. डिलन उठला, आईला मिठी, वडिलांना, भावाला. मी मारियाबाईंकडे बघत होते. ज्या बाईने या मुलाला चेंडू कसा धरायचा हे शिकवलं ती तिथे उभी होती, आणि दीड हजार मैलांहून दूर असलेल्या गावी मुलगा चालला होता. मला भरून आलं, ते लपवलं नाही. तिसरा व्ही. जे. एजकोंब, बहामातल्या बिमिनी या छोट्या बेटाचा, फिलाडेल्फियाला. चौथा कॉन क्नुपल शार्लटला. पाचवं नाव बेलीचं, युटाह. न भेटता, चाचणी न बघता त्यांनी त्याला घेतलं. भेट टाळून त्याने जो एकमेव शब्द उच्चारला होता तो युटाहने ऐकला आणि बाजूला ठेवला. नियमाने त्यांना तसं करता येतं. काही दिवसांनी बेली तिकडे गेला, रुजू झाला, आणि मुलाखतींत हसतमुख दिसला. पण पाचव्या नावानंतरच्या त्या काही मिनिटांत मला हा सगळा व्यवहार जितका नागडा दिसला तितका त्या रात्री पुन्हा दिसला नाही.

निवडलेला खेळाडू कधी कधी दुसऱ्याच संघाची टोपी घालून मंचावर का जातो, हे कोडंही तिथेच सुटलं. दहाव्या क्रमांकावर खमान मलुआच ह्यूस्टनची टोपी घालून मंचावर गेला, पण तो खेळणार होता फीनिक्सकडून. ह्यूस्टन आणि फीनिक्समध्ये केविन ड्युरँटचा सौदा तीन दिवस आधीच ठरला होता, हा पिक त्याचाच भाग. पण नव्या आर्थिक वर्षाचा हिशोब सुरू होऊन ६ जुलै उजाडेपर्यंत असा सौदा कागदावर पक्का करता येत नाही. तोवर हक्क कागदोपत्री ह्यूस्टनचा, म्हणून टोपी ह्यूस्टनची. मलुआच दक्षिण सुदानचा, युगांडात निर्वासितासारखा वाढला, तेराव्या वर्षी पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतला आणि सतराव्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये देशाकडून खेळला. मुलाखतीत तो रडला. टोपी कुठलीही असो, त्या मुलाचं तिथे असणं हे फार मोठं होतं, आणि सगळं अरीना टाळ्या वाजवत होतं.

तेराव्या क्रमांकाला मोठा कल्ला झाला. न्यू ऑर्लिन्सने मेरीलँडच्या डेरिक क्वीनसाठी ॲटलांटाला २३ वा पिक आणि वर २०२६ चा पहिल्या फेरीतला पिक दिला, तोही कुठलंच प्रोटेक्शन न लावता. म्हणजे पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स तळाला गेलं तरी त्याचं फळ ॲटलांटाच्या ताटात. फिलाडेल्फियाने सहाच्या आतली अट घालून स्वतःला कसं वाचवलं ते नुकतंच पाहिलेलं असल्याने मला हा सौदा फारच धाडसाचा वाटला.

घरचा संघ ब्रुकलिन नेट्स. त्यांच्याकडे पहिल्या फेरीचे पाच पिक होते आणि पाचही त्यांनी वापरले, असं आधी कुठल्याच संघाने केलेलं नाही. डेमिन, ट्राओरे, पॉवेल, साराफ, वुल्फ. रशिया, फ्रान्स, इस्रायल असे देश त्या यादीत. आमच्या शेजारी बसलेले नेट्सचे जुने चाहते प्रत्येक नावाला एकमेकांकडे बघत होते, कारण त्यातले बरेचसे चेंडू खेळवणारे, एकाच धाटणीचे. त्यांची काळजी मला समजली. पाच मुलांना शिकायला मिनिटं द्यायची तर जुन्यांना बसवावं लागणार. सत्ताविसाव्या क्रमांकावर डॅनी वुल्फचं नाव आलं तेव्हा त्याचा भाऊ पडद्यावर ढसाढसा रडताना दिसला, बोलायचा प्रयत्न करत होता आणि शब्द फुटत नव्हते. तेव्हा काळजी करणारे तेच चाहते उभे राहिले.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण ते खरंच थोडक्यात आहे. पहिल्या फेरीतल्या प्रत्येक क्रमांकाचा पगार तक्त्यात ठरलेला असतो. चार वर्षांचा करार, पहिली दोन वर्षं हमखास, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. संघ तक्त्याच्या ८० ते १२० टक्क्यांत देऊ शकतो आणि बहुतेक सगळे १२० देतात. फ्लॅगला पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर. आयपीएलच्या लिलावात दोन संघ भिडले की खेळाडूचा भाव चढतो. इथे चढाओढ खेळाडूच्या भावासाठी होत नाही, रांगेतल्या जागेसाठी होते, आणि ती संघासंघांतच मिटते. बायकांच्या लीगचा २०२५ चा तक्ताही पाहा. एप्रिलमध्ये पेज बेकर्स डब्ल्यूएनबीएत पहिल्या क्रमांकावर गेली, तीही डॅलसलाच. पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर. एकच शहर, एकच क्रमांक, एकच वर्ष. मी खेळलेली आहे; ही तफावत मला बोचते आणि ती बदललीच पाहिजे.

हे सगळं कायद्यात कसं बसतं, असा प्रश्न मला पडला होता. दोन संगणक कंपन्यांनी आपसात ठरवून पदवीधर वाटून घेतले तर खटला होईल. इथे तो होत नाही कारण ड्राफ्ट खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक कराराचा भाग आहे. १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन संघटनेचे अध्यक्ष असताना त्यांनी लीगला कोर्टात खेचलं, त्यात ड्राफ्टलाही आव्हान होतं; १९७६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूंच्या मोकळीकीचा रस्ता तिथून सुरू झाला. ड्राफ्ट मात्र राहिला. आजही निवडलेला मुलगा म्हणू शकतो की मी या संघाशी करार करत नाही, पण मग त्याला वर्षभर कुठेच व्यावसायिक न खेळता थांबून पुढच्या ड्राफ्टमध्ये पुन्हा उभं राहावं लागतं. अठराव्या वर्षी वर्षभर घरी कोण बसेल? आणि ज्या संघटनेने हा करार केला तिचे सभासद लीगमध्ये आधीपासून असलेले खेळाडू. ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना मतच नसतं. दुबळ्या संघांना आधार मिळावा हे मला मान्य आहे, छोट्या शहरांतही चांगला खेळ दिसावा हेही. पण त्याची सगळी किंमत नवख्यांनीच का मोजायची? चार वर्षांऐवजी दोन वर्षांनी त्यांना मोकळं केलं तरी दुबळे संघ बुडणार नाहीत असं मला वाटतं.

दुसरी फेरी २६ तारखेला, तिथेच. आम्ही ती घरी बघितली. आयुक्तांऐवजी उपायुक्त मार्क टेटम, पाचऐवजी चार मिनिटं, टेबलं बरीचशी रिकामी. या फेरीत पगाराचा तक्ता नाही, हमी नाही. बावन्नावा क्रमांक आला तेव्हा मी लेकीला सतनाम सिंगबद्दल सांगितलं: पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकादमीत घडलेला, २०१५ मध्ये याच बावन्नाव्या क्रमांकावर डॅलसने घेतलेला पहिला भारतीय. त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. निवड होणं आणि खेळायला मिळणं यात केवढं अंतर असतं ते त्याच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. तरी त्यानंतर दोन वर्षांनी दिल्लीजवळ एनबीएची अकादमी सुरू झाली, आणि २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे संघ खेळून गेले.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी शेवटी एक उलटीच गोष्ट सुरू होते. एजंट संघांना फोन करून सांगतात, आमच्या मुलाला घेऊ नका. कारण ज्याचं नाव घेतलं जात नाही त्याच्यावर कुणाचाच हक्क नसतो. त्या रात्री तो एकटाच खऱ्या अर्थाने स्वतःचा संघ स्वतः निवडू शकतो. ऑस्टिन रीव्ह्सने २०२१ मध्ये डेट्रॉइटला ४२ व्या क्रमांकावर नकार कळवला, लेकर्सशी टू-वे करार केला आणि पुढे त्यांचा मुख्य खेळाडू झाला. फ्रेड व्हॅनव्ह्लीटही असाच, २०१६ मध्ये न निवडलेला, २०१९ मध्ये टोरोंटोसोबत विजेता. हार्परच्या थोरल्या भावालाही टोरोंटोने असाच टू-वे करार दिला. टू-वे म्हणजे वर्षभर मुख्य संघ आणि दुय्यम लीगचा संघ यांच्यामध्ये ये-जा. प्रत्येक संघाकडे अशा तीन जागा.

यंदा ५९ च नावं वाचली गेली, ६० नाही. खेळाडूशी मुदतीआधी बोलणी केल्याबद्दल न्यूयॉर्क निक्स संघाचा दुसऱ्या फेरीतला पिक लीगने काढून घेतला होता. शेवटचं नाव टेनेसीच्या जाहमाय मॅशॅकचं, मेम्फिसला. त्यानंतर प्रक्षेपण थांबलं आणि आम्ही दोघी न निवडलेल्यांची यादी उघडून बसलो: कॅन्ससचा हंटर डिकिन्सन न्यू ऑर्लिन्सकडे, अलाबामाचा मार्क सीअर्स मिलवॉकीकडे, दोघंही टू-वेवर. ज्या सीअर्सच्या अलाबामाविरुद्ध डिलनने वेगासला ३७ गुण काढले होते, तोच हा सीअर्स. पुढच्या वर्षी लेकीला दुसऱ्या रात्रीचं तिकीट हवं आहे.